पाणी बघणारा हात

“ताई, एक बदक आणा,” मी म्हणाले.

मृण्मयीताई पलंगावर मांडी घालून लॅपटॉप बघत होत्या. बाळंतपणाची रजा होती, तरी ऑफिसात काय चाललंय ते डोकावून बघितल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. चिमी माझ्या पायांवर तेल जिरवत पडली होती. अडीच महिन्यांची पोर. नाशिकची थंडी, म्हणून खोलीची दारं-खिडक्या लावलेल्या.

“काय आणू?” त्यांनी मान वर केली.

“बदक. प्लॅस्टिकचं. पिवळं असतं बघा. अंघोळीच्या पाण्यात सोडायचं.”

“अहो मावशी, तिला अजून स्वतःची मूठ सापडत नाही. बदकाशी काय खेळणार ती?”

“खेळायला नाही. त्याच्या पोटावर आकडे येतात. पाणी किती गरम आहे ते सांगतं. कॉलेज रोडला मी ज्यांच्याकडे जायची ना, त्यांच्याकडे होतं. ते लोक गेले बंगळुरूला.”

ताई हसायला लागल्या. “तुम्हाला आणि बदक? आईंनी ऐकलं तर काय म्हणतील? पहिल्या दिवशी काय सांगितलं होतं तुम्ही त्यांना?”

काय सांगितलं होतं ते मला पाठ होतं. दवाखान्यातून बाळ घरी आलं त्या दिवशी ताईंच्या सासूबाईंनी, म्हणजे काकूंनी, मला दारातच विचारलं होतं, “पाण्याचा अंदाज आहे ना हो? नाजूक जीव आहे.” मी पदर खोचत म्हणाले होते, “काकू, शंभरावर पोरं न्हाली या पायांवर. हा हात पाण्यात गेला की पाणी आपणहून बोलतं.” काकूंना ते इतकं आवडलं की त्यांनी फोनवर सगळ्या गोतावळ्याला सांगितलं. “आमच्या अनसाबाई म्हणजे बोलतं पाणी बरं का!” असं.

आता तेच वाक्य माझ्याकडे परत आलं होतं. मग जे तोंडात आलं ते बोलले.

“माझ्यासाठी नाही हो ताई. तुमच्यासाठी म्हणते मी. मी काय जन्माला पुरणार आहे? उद्या मी आले नाही तर तुम्हीच न्हाऊ घालणार ना तिला? तुमच्या हाताला कुठलं कळायला!”

ताईंचं हसू राहिलं, पण ते नुसतंच चेहऱ्यावर राहिलं. त्यांनी आपला उजवा हात एकदा उलटा करून बघितला. मग म्हणाल्या, “बघू,” आणि पुन्हा लॅपटॉपात डोकं घातलं.

मला वाटलं, बरं झालं. पेरून तर ठेवलं.

*

खरी गोष्ट अशी होती की माझा हात गेला होता.

आधी पाय गेले. दिवाळीच्या पुढेमागे एकदा मी बस स्टॉपपासून घरापर्यंत चालत आले, तर शेजारीण म्हणते, “अनसाबाई, एका पायातली चप्पल कुठाय?” मला पत्ताच नव्हता. अर्धा रस्ता मी एका चपलेवर आले होते. हसलो दोघी. मग एक दिवस भाकरी करताना सून ओरडली, “आत्या, हात!” बघते तर करंगळीपासून तळव्यापर्यंत फोड उठलेला. तव्याला टेकला होता हात. केव्हा टेकला, किती वेळ टेकला, देव जाणे.

रंजना माझी सून आणि भावाची लेक पण. तिने मला ओढतच दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी तळपायाला टाचणी टोचली, विचारलं, “दुखतं?” मी म्हटलं, “टोचली का?” त्यांनी टाचणी ठेवून दिली. साखरेच्या आजाराची गोळी वाढवली आणि म्हणाल्या, “बाई, नसा मंदावल्यात तुमच्या. पायाला, हाताला गरम-गार कळणार नाही आता नीट. जपा. काम काय करता?”

मी म्हटलं, “घरीच असते.”

बाहेर आल्यावर रंजना म्हणाली, “आत्या, खोटं का बोललात?”

“मग काय सांगू? बाळाला न्हाऊ घालते, आणि पाणी कळत नाही?”

“त्यांना सांगा ना, चिमीच्या आईला. चांगली आहे म्हणता ना ती?”

“चांगलीच आहे. म्हणून तर काढून टाकेल. कोण आई ठेवील, तू ठेवशील?”

रंजनाने औषधांची चिठ्ठी घडी करून पिशवीत टाकली. एवढं मात्र आम्हा दोघींना ठाऊक होतं की हे घर सुटलं तर दुसरं मिळणार नाही. बाळंतिणींच्या घरांत बातमी वाऱ्याआधी पोचते. चाळीस वर्षं मला कुणी शोधत येत होतं ते या हातासाठी. भांड्याला मी कधी गेले नाही, झाडूला गेले नाही. आणि आता गुडघेही असे झाले होते की दुसरं काही जमणार नव्हतं. पाटावर बसून उठायचं तर आधी भिंतीचा नळ धरायचा, मग बादलीचा काठ, मग देवाचं नाव.

मी कोपराची युक्ती काढली. कोपराला अजून कळत होतं. चिमीला पायांवर घ्यायच्या आधी मी बादलीत कोपर बुडवून बघायची. पहिल्यांदा ताईंनी विचारलं, “मावशी, कोपर का हो?” मी म्हटलं, “कोपराची कातडी बाळासारखी असते. जुनी पद्धत आहे.” ताईंना पटलं. तेव्हा त्या रोज बाथरूमच्या दारात उभ्या राहायच्या, बाह्या वर करून. “उद्या मी घालू का?” असं रोज विचारायच्या, आणि मी रोज म्हणायची, “मान धरू द्या तिला, मग घाला.”

कोपर बादलीच्या वरच्या पाण्याला पुरतं. पाणी खाली गेलं की पुरत नाही. आणि पोर एकदा पायांवर आली की वाकताही येत नाही, पोटाखाली चेंगरेल. म्हणून पाणी आधीच सगळं विसण घालून बेताचं करून घ्यायची आणि मध्ये कुणी भर घालू नये एवढं सांभाळायची. काकू दारात आल्या की माझा जीव वर. त्यांना सारखं वाटायचं, पाणी गार झालं. “घालू का अजून एक तांब्या?” “नको काकू, बरोबर आहे.” रोज हेच. रोज घरी जाताना बसमध्ये बसले की वाटायचं, आजचा दिवस निघाला.

मग ते बदक आठवलं. कॉलेज रोडच्या घरी मी त्याला किती हसले होते! “आता बदक शिकवणार मला पाणी!” म्हणून तिथल्या बाळंतिणीसमोर ते मी बाहेर काढून ठेवायची.

आता तेच हवं होतं. बरं, ते मिळालं असतं तरी मला वाचता कुठे येत होतं? तोवर पाटी हातात धरली नव्हती कधी. रंजनाला विचारलं, तर ती म्हणाली, “सदतीसच्या आसपास हवं आत्या. अडतीस चालेल. चाळीसला उचलून घ्यायचं पोरीला.” तिने माझ्या डाव्या तळव्यावर पेनाने दोन आकडे काढून दिले. इंग्रजी तीन आणि इंग्रजी सात. तीन म्हणजे कानासारखा, सात म्हणजे विळ्यासारखा. मी ते पुसू द्यायची नाही. पुसत आले की पुन्हा काढून घ्यायची.

*

आठवडा गेला, बदक आलं नाही. ताईंनी विषय काढला नाही.

मी काकूंकडे गेले. त्या स्वयंपाकघरात तीळ निवडत होत्या. संक्रांत आली होती, आणि संक्रांतीला संध्याकाळी चिमीचं बोरन्हाण होतं. काळं झबलं शिवून तयार होतं, हलव्याचे दागिने सांगितले होते.

“काकू, ताईंना म्हटलं होतं मी. पाणी मोजायचं बदक मिळतं. आणि उंच टब मिळतो, पायांचा. उभ्याने न्हाऊ घालता येतं. गुडघे वाचतात.”

“कोणाचे?”

“कोणाचेही. तुमचे, ताईंचे.”

काकूंनी तिळातला खडा बाजूला टाकला. “अनसाबाई, टबात न्हाऊ घालायचं असतं तर तुम्हाला कशाला बोलावलं असतं? केदारचा जन्म झाला तेव्हा आमच्याकडे गोदाक्का यायची. पायांवर घेऊन न्हाऊ घालायची. त्याची हाडं बघा कशी आहेत. तो तिकडे जर्मनीत पहाटे उठून बसतो फोन घेऊन, कशासाठी? लेक तुमच्या पायांवर न्हाते ते बघायला. त्याला काय बदक दाखवू?”

“तसं नाही, पण ताईंच्या हाताला सवय…”

ताई फ्रिजपाशी पाणी पीत उभ्या होत्या. ते मला दिसलं नव्हतं. त्या म्हणाल्या, “मावशी म्हणतात ते खरं आहे, आई. माझ्या हाताला नाही कळत.”

एवढं बोलून त्या गेल्या.

“ऐकलंत?” काकू म्हणाल्या. “हात असा शिकतो का? बदकं आणून? तुम्ही आहात तोवर बघू द्या तिला. बघून येतं.”

पण ताई आता शिकायला म्हणून बघतही नव्हत्या. माझ्या लक्षात आलं होतं ते. बदक मागितलं त्या दिवसापासून त्या बाह्या वर करून दारात उभ्या राहिल्या नव्हत्या. फोन घेऊन यायच्या, केदारदादांना दाखवायच्या, आणि अंग पुसायला घेतलं की आत निघून जायच्या. बाह्या खाली असायच्या. मला वाटलं, ऑफिसची काळजी लागली असेल. दुसरं काय वाटणार? मी माझ्याच कोपराच्या काळजीत होते.

*

भोगीचा दिवस. न खाई भोगी तो सदा रोगी म्हणतात, तसंच त्या दिवशी तीळ घातलेल्या पाण्याने डोक्यावरून न्हायचं असतं. मला ते आठवायला हवं होतं. आदल्या दिवशी काकूंनी सांगितलंही होतं, “उद्या चिमीला तिळाचं पाणी.” मी पण घरून चिमूटभर तीळ घेऊन आले, बादलीत टाकले, कोपराने पाणी बघितलं, बरोबर जमवलं. माझ्या मते झालं तिळाचं पाणी.

पाटावर बसले, पाय लांब केले, चिमीला पायांवर घेतलं. डोक्याला तेल, अंगाला डाळीचं पीठ. दारात ताई फोन धरून उभ्या. फोनमधून केदारदादांचा आवाज आला, “काय चिमणे, आज भोगी ना गं?” त्यांच्या मागे सगळा अंधार होता, तिकडे उजाडलं नव्हतं.

“नमस्कार मावशी!”

“नमस्कार दादा. थंडी काय म्हणते तिकडची?”

“तुमच्या धुरीच्या शेगडीची आठवण येते!”

निम्मी अंघोळ झाली होती. चिमीला पालथी घेतली होती, पाठीवरचं पीठ धुवायचं राहिलं होतं, केसांतलं तेल राहिलं होतं. बादलीत पाणी पाव उरलं होतं. तेवढ्यात काकू आल्या, दोन्ही हातांत फडकी धरून, आणि फडक्यांत पातेलं.

“सरा गं मृण्मयी. तीळ चांगले उकळून घेतलेत. नुसते टाकून काय होतंय?”

“काकू, नको, घातलेत मी…”

तोवर पातेलं उपडं झालं होतं. बादलीतून वाफ उठली. तिळांचा वास सगळ्या बाथरूमभर झाला.

“थोडं गार पाणी सोडा वरून,” मी म्हणाले.

काकूंनी नळ सोडला आणि बंद केला. “बघा आता.”

मी उजवा हात बादलीत घातला.

कसं सांगू? काहीच नव्हतं. हातमोजा घातल्यासारखं. बोटांना ओलं झाल्याचं कळलं, बस. चाळीस वर्षं या हाताशी बोलणारं पाणी गप्प बसलं होतं. कोपर खाली पोचणार नव्हतं. चिमी पायांवर पालथी, माझा डावा हात तिच्या छातीखाली. ती थंडीने कुडकुडायला लागली होती, बारीक आवाज काढत होती.

ताई माझ्यापासून तीन हातांवर उभ्या होत्या. एवढंच म्हणायचं होतं, “ताई, जरा हात घालून बघा.” पाच शब्द. पण मीच म्हणाले होते ना, तुमच्या हाताला कुठलं कळायला! दोनदा म्हणाले होते. काकू बघत होत्या, फोनमधून दादा बघत होते.

“काय म्हणतंय पाणी?” काकूंनी विचारलं.

“मावशींचा ‘हं’ आला की समजायचं,” दादा फोनमधून म्हणाले.

आणि मी म्हणाले, “हं.”

ते तोंडातून गेलं. सवयीने गेलं. मी तांब्या बुडवला, भरला, उचलला. चिमीच्या पाठीवर आणला. पाठीवर पीठ सुकत आलं होतं, त्याखाली ते इवलेसे मणके दिसत होते. हात कलंडायला लागला आणि मी तो तसाच मागे फिरवला आणि सगळा तांब्या माझ्या उजव्या खांद्यावर ओतला.

खांद्याला कळत होतं. अजून सगळं कळत होतं.

मी ओरडले की नाही ते मला आठवत नाही. तांब्या फरशीवर आपटल्याचा आवाज आठवतो. चिमी रडायला लागली. ताईंनी फोन टाकला आणि वाकून तिला माझ्या पायांवरून उचललं, पिठासकट, तेलासकट, अंगावरच्या ड्रेसला लावून धरलं. फरशीवर उताणा पडलेला फोन विचारत होता, “काय झालं? मृण्मयी? आई? काय झालं?”

“हे काय केलंत!” काकू म्हणाल्या आणि त्यांनी बादलीत हात घातला. “आई गं!” तसाच काढून घेतला. मग त्या माझ्याकडे बघायला लागल्या. “तुम्ही तर हं म्हणालात.”

“काकू, माझ्या हाताला कळत नाही,” मी म्हणाले. “दीड महिना झाला.”

“काय कळत नाही?”

“गरम-गार. साखरेमुळे. डॉक्टरांनी सांगितलंय.”

“दीड महिना!” काकूंचा आवाज बसला होता. “आणि रोज… आमच्या पोरीला तुम्ही रोज…”

“कोपराने बघत होते.”

“कोपराने! अहो, जीव आहे तो! तुम्हाला काय कोपराएवढाही…” त्या भिंतीला टेकल्या. पाणी त्यांनीच ओतलं होतं, ते त्यांच्याही ध्यानात आलं असावं, आणि त्यामुळे राग आणखी वाढला. “उद्यापासून येऊ नका अनसाबाई. कृपा करा.”

मी “बरं” म्हणाले. त्यात चूक काय होती? मी त्यांच्या जागी असते तर जास्त बोलले असते.

*

काकू चिमीला गुंडाळून आत घेऊन गेल्या. मी उठायला बघितलं, पण उजवा हात नळापर्यंत जाईना.

“बसा,” ताई म्हणाल्या. “उठू नका.”

त्यांनी फोन उचलला, “केदार, चिमी ठीक आहे, नंतर बोलते,” म्हणून बंद केला. बादली ओतून दिली. नळ गाराकडे फिरवून सोडला, धारेखाली आपला हात धरला. थोडा वेळ थांबल्या. “अजून कोमट येतंय. थांबा.” पुन्हा हात धरला. “आता आलं गार.” मग तांब्या भरून त्या माझ्या खांद्यावर पाणी सोडायला लागल्या, हळूहळू. एक तांब्या, मग दुसरा. चाळीस वर्षांत मी कुणाच्या हातून न्हाले नव्हते. थंडीचे दिवस, आणि मला ते बर्फासारखं पाणी इतकं बरं वाटत होतं की डोळे मिटले गेले.

“मावशी.”

“हां ताई.”

“ते बदक तुम्हाला हवं होतं?”

“हो.”

“तुमच्यासाठी?”

“माझ्यासाठीच.”

पाणी थांबलं. मला वाटलं, तांब्या भरताहेत. नळ तर बंद होता.

“तुम्ही म्हणालात, माझ्या हाताला कळणार नाही.”

“म्हणाले खरी.”

“मला ते खरं वाटलं,” ताई म्हणाल्या. “त्या दिवसापासून मी तिला पाणी लावलं नाही. तिचं तोंड पुसायचं असलं तरी आईंना म्हणते, तुम्ही बघा पाणी. रात्री तिचं अंग गरम लागलं की मला वाटतं, खरंच गरम आहे की माझ्याच हाताला कळत नाही? शंभर मुलांना न्हाऊ घातलेली बाई म्हणते, म्हणजे खरंच असणार.” त्या पाटासमोर उकिडव्या बसल्या. रडत नव्हत्या. नुसत्या दमलेल्या दिसत होत्या, जशी मी दमले होते. “मला वाटायचं, माझ्यात काहीतरी कमी आहे. आईच्या हाताला असतं ते.”

मी मान वर करू शकले नाही. खांदा जळत होता, त्यापेक्षा ते जास्त लागलं. माझ्या हातातली उणीव मी अलगद ताईंच्या हातावर ठेवून दिली होती, आणि त्या ती पंधरा दिवस वागवत होत्या.

“ताई, तुमच्या हाताला कळतं,” मी म्हणाले. “आत्ता नाही का बघितलंत, नळाखाली? कोमट येतंय म्हणालात.”

त्यांनी हाताकडे बघितलं.

मग उठून आत गेल्या आणि एक पुठ्ठ्याचा खोका घेऊन आल्या. खोका अजून चिकटपट्टीने बंद होता. नखाने पट्टी काढली. आत पिवळं बदक होतं.

“त्याच दिवशी मागवलं होतं,” त्या म्हणाल्या. “तीन दिवसांत आलं. कपाटात ठेवलं. उघडायचा धीर होत नव्हता. उघडलं असतं तर… म्हणजे तुम्ही म्हणता ते कबूल केल्यासारखं झालं असतं.”

मी बदक हातात घेतलं. पोटावर काचेची लहानशी खिडकी होती.

“वाचता येतं तुम्हाला?” ताईंनी विचारलं.

“नाही.”

“मग काय उपयोग होता मावशी?”

मी डावा तळवा उघडून दाखवला. शाई भिजून पसरली होती, पण कान आणि विळा दिसत होते. ताईंनी ते दोन्ही बोटाने गिरवले. मग त्यांना हसू आलं, मलाही आलं. खांदा हलला तशी कळ गेली आणि मी “आई गं” म्हणाले, आणि आम्ही दोघी पुन्हा हसलो, चोरासारख्या, काकूंना ऐकू जाऊ नये म्हणून.

*

दुसऱ्या दिवशी संक्रांत. मी जाणार नव्हते. सकाळीच रंजनाच्या फोनवर ताईंचा फोन आला. “मावशी, आजच्या दिवस या. हात लावू नका कशाला. नुसत्या बसा.”

“काकू?”

“त्यांना सांगितलंय मी.”

काकूंनी दार उघडलं. खांद्यावरच्या मलमपट्टीकडे बघितलं. “बसा,” म्हणाल्या, “चहा घ्याल?” तेवढंच. येऊ नका म्हणालेलं त्यांनी परत घेतलं नाही, आणि मी पण ते परत मागितलं नाही. ते घर त्या दिवशी सुटलं. पुन्हा कुठल्या बाळाला मी पायांवर घेतलं नाही.

बाथरूममध्ये माझ्यासाठी स्टूल ठेवलं होतं. पाटावर ताई बसल्या, सलवार गुडघ्यापर्यंत सारून, पाय लांब करून.

“टाचा जुळवा. गुडघ्यांत फट नको. हां. आता द्या म्हणा पोरीला.”

काकूंनी चिमीला त्यांच्या पायांवर ठेवलं. पोर आईच्या तोंडाकडे टकामका बघायला लागली. बादली उजव्या हाताला होती आणि पाण्यावर बदक डुलत होतं. ताईंनी बदकाकडे वाकून बघितलं.

“आधी हात,” मी म्हणाले. “मग बदक.”

त्यांनी हात घातला. मनगटापर्यंत. बोटं हलवली. “मावशी, मला वाटतं…”

“मला नका विचारू. मला काय कळतंय?”

काकू दारात उभ्या होत्या. त्यांनी पुढे वाकून बदकाच्या पोटावरचा आकडा वाचला. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. आकडा काय होता ते मला त्या दिवशी वाचता आलं नाही. पुढे चार वर्षांनी आमच्या वस्तीतल्या प्रौढांच्या वर्गात बाईंनी फळ्यावर इंग्रजी आकडे काढले, तेव्हा सगळ्या बायकांत मलाच दोन आधीपासून येत होते. पण काकूंनी वाचला, आणि काही न बोलता त्या तिळगूळ वळायला स्वयंपाकघरात निघून गेल्या. तेवढ्यावरून मला कळलं.

ताईंनी ते पाहिलं नव्हतं. त्या बदकाकडे बघत नव्हत्या, माझ्याकडेही नाही. त्यांचा हात अजून पाण्यातच होता. चिमीने पाय झाडले. ताईंनी तांब्या भरला, पहिला आपल्याच पायांवर सोडला, थोडं थांबल्या, आणि कुणाला ऐकवायचं नसल्यासारख्या हळू म्हणाल्या,

“हं.”